एका फुटाला चाळीस फूट
(विहिरीचे पाणी गोड राखण्याचे घरगुती विज्ञान)

वसईच्या नकाशावर गिरीज हे गाव शोधा. पश्चिमेला भुईगाव-रानगावचा समुद्रकिनारा, दक्षिणेला वसईची खाडी, नायगावच्या बाजूला खाजणे आणि मिठागरे. खारे पाणी असे जवळच पसरलेले आहे. तरीही इथल्या वाड्यांत केळी झाली, पानवेली चढल्या, अळू आणि सोनचाफा फुलला, तो विहिरींच्या गोड्या पाण्यावर. समुद्राच्या इतक्या जवळ जमिनीखाली गोडे पाणी कसे राहते? आणि काही विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ का होतात?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे व ते तुमच्या पाठ्यपुस्तकातील 'घनता' आणि 'द्रवाचा दाब' या प्रकरणांत दडलेले आहे. ते समजून घेऊ. मग घराचे एक छप्पर, एक पिंप आणि थोडी रेती यांच्या साहाय्याने आपल्या विहिरीसाठी काय करता येईल ते पाहू.

गोडे पाणी तरंगते

गोड्या पाण्याची घनता दर लिटरला १ किलोग्रॅम असते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्याची घनता १.०२५ किलोग्रॅमच्या आसपास भरते. हा फरक केवळ अडीच टक्क्यांचा. पण लाकूड पाण्यावर तरंगते त्याच नियमाने गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते.

पावसाचे पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरते आणि वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत साठते. किनारपट्टीवर याच वाळूत खालून समुद्राचे पाणीही शिरलेले असते. मुरलेले गोडे पाणी त्याच्यावर तरंगत राहते. वाळूच्या बारीक वाटांमुळे दोन्ही पाणी चटकन मिसळू शकत नाहीत. तुमच्या विहिरीत दिसणारे पाणी हा या तरंगत्या थराचा वरचा पृष्ठभाग होय.

आता हा थर किती जाड असेल? नेदरलँड्सचे लष्करी अभियंते बादोन गायबेन यांनी १८८९ च्या सुमारास आणि जर्मनीचे हेर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये, दोघांनी स्वतंत्रपणे, याचे सोपे गणित मांडले. ते गणित तुम्ही स्वतः नळीत करून पाहू शकता.

प्रयोग १ : चाळीसचा आकडा

साहित्य : दीड मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी (गवंडी पातळी बघण्यासाठी वापरतात ती), मीठ, निळी शाई, मोजपट्टी, फळी, दोरा.

कृती : नळी इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणे वाकवून फळीवर उभी बांधा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात शाईचे काही थेंब टाका. हे पाणी नळीत ओतून दोन्ही बाजूंना सुमारे ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत आणा. आता एका बाजूने साधे पाणी अगदी सावकाश, नळीच्या कडेवरून ओघळत सोडा. त्याचा स्तंभ ४१ सेंटिमीटर लांब झाला की थांबा.

निरीक्षण : दोन्ही बाजूंची पाण्याची टोके एका पातळीत येणार नाहीत. साध्या पाण्याची बाजू सुमारे एक सेंटिमीटर उंच राहील. निळे व साधे पाणी जिथे भेटते, त्या सीमेपासून वर मोजा. एका बाजूला गोडे पाणी ४१ सेंटिमीटर, तर दुसऱ्या बाजूला खारे पाणी ४० सेंटिमीटर भरेल. सीमेवरचा दाब दोन्हीकडून सारखा असला पाहिजे, म्हणून

४१ × १.००० = ४० × १.०२५

नळीतल्या खाऱ्या बाजूच्या जागी समुद्र ठेवा आणि गोड्या बाजूच्या जागी गिरीजची वाडी. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर समुद्राला तोलून धरू शकतो. हिमनगाचा बराचसा भाग पाण्याखाली असतो हे तुम्हांला ठाऊक आहेच. इथे वर एक भाग आणि खाली चाळीस!

हे गणित आदर्श स्थितीचे आहे. प्रत्यक्षात खाली काळा पाषाण लागतो, गोड्या-खाऱ्याची सीमा रेघेसारखी नसून मचूळ पाण्याचा पट्टा असतो, आणि जमिनीतले पाणी सतत समुद्राकडे झिरपतही असते. तरी त्यातील इशारा खरा आहे. वरची पातळी एक फूट खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर येण्याच्या मार्गाला लागते.

प्रयोग २ : पंपाखालचा उंचवटा

काचेची उंच बरणी मघाच्या निळ्या खाऱ्या पाण्याने अर्धी भरा. वर थर्माकोलची चकती तरंगत ठेवून तिच्यावर साधे पाणी थेंबथेंब सोडा. दोन थर स्पष्ट दिसतील. एक बारीक नळी पाण्याने भरून तिचे एक टोक सीमेच्या दोन सेंटिमीटर वर ठेवा आणि दुसऱ्या टोकाने वक्रनलिकेप्रमाणे पाणी बाहेर काढा.

बाहेरचे टोक थोडेसेच खाली धरले की पाणी सावकाश येते व स्वच्छ येते. तेच टोक खूप खाली नेले की प्रवाह जोराचा होतो. आता बरणीकडे नीट पाहा : नळीच्या तोंडाखाली निळ्या पाण्याचा उंचवटा फुगून वर येईल आणि थोड्याच वेळात नळीतून निळसर पाणी येऊ लागेल, वर भरपूर गोडे पाणी शिल्लक असतानाही!

मोठा पंप लावून विहीर एकदम उपसली की जमिनीखाली असेच घडते. विहिरीभोवतीची पातळी खाली जाते आणि तळाकडून खारे पाणी वर ओढले जाते. उपसा वेळीच थांबवला तर उंचवटा हळूहळू खाली बसतो. पण एकदा खारे पाणी वाळूच्या पोकळ्यांत शिरले की त्याचा अंश मागे राहतो आणि तो धुऊन जायला कित्येक पावसाळे लागू शकतात.

किती खाऱ्या पाण्याने विहीर बिघडते? हिशेब करू. गोड्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरा. समुद्रात ते सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असतात. शंभर तांब्यांपैकी फक्त दोन तांबे समुद्राचे असले तरी मिश्रणात लिटरमागे सुमारे १,००० मिलिग्रॅम क्षार होतील. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तरच २,००० पर्यंत चालवून घेतात. केळीसारखी पिके तर क्षारांना फारच हळवी. जमिनीतील पाणी खारट झाले की मुळांना ते ओढून घेणे अवघड जाते, आणि पानांच्या कडा करपू लागतात.

विहिरीची वही

कोणताही उपाय करण्याआधी मोजमाप हवे. एक वही घाला आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, दोन नोंदी करा. विहिरीवर एकट्याने जाऊ नका. मोठे माणूस बरोबर हवे आणि पंप बंद हवा.

पहिली नोंद पातळीची. लहान स्टीलची वाटी उपडी करून गवंड्याच्या फितीच्या टोकाला बांधा. कठड्यावर रंगाने एक खूण करून तिथून फीत खाली सोडा. उपडी वाटी पाण्याला टेकताच 'डुब्' असा आवाज येतो. त्या क्षणी खुणेपाशी आलेला आकडा वाचा. अंधाऱ्या, खोल विहिरीतही ही युक्ती चालते. पंप बंद करून काही तास झाल्यावरच मोजा. समुद्राजवळच्या काही विहिरींची पातळी भरती-ओहोटीबरोबर थोडी खालीवर होते. सुट्टीच्या दिवशी दर तासाला मोजून आलेख काढला, तर तुमची विहीर त्यांपैकी आहे का ते कळेल. तशी असेल तर लागोपाठच्या दोन भरतींमधील सुमारे साडेबारा तासांची लय आलेखात दिसेल.

दुसरी नोंद क्षारांची. पाण्यातील क्षार मोजणारे खिशात मावेल असे टीडीएस मापक आता काही शे रुपयांत मिळते. शाळेने एक घेतले तरी साऱ्या गावाला पुरते. एक नमुना वरून घ्या, एक तळाजवळून. तळाचा नमुना घेण्यासाठी बाटलीला दगड बांधा आणि बाटलीच्या बुचाला वेगळा दोरा बांधा. बाटली तळाजवळ पोचली की दोऱ्याला झटका देऊन बूच काढा. बुडबुडे येणे थांबले की बाटली वर ओढा. तळाचा आकडा वरच्यापेक्षा बराच मोठा असेल तर खारे पाणी जवळ आले आहे असे समजा.

अशा विहिरीत पंपाच्या पाइपाचे तोंड तळाशी ठेवणे म्हणजे खारेच पाणी मागवणे. तोंड वर घ्यावे, पण ते सदैव पाण्याखाली राहील एवढे. आणि चार तास सलग उपसण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा उपसा करावा. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

छपराचे देणे

आता पावसाकडे वळू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. वसईत पावसाळ्यात साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. म्हणजे वाडीतल्या दर चौरस मीटर उघड्या जमिनीला वर्षाला २,००० लिटर पाणी मिळते. त्यातले काही मुरते, काही वाहून जाते. त्याच जागेवर स्लॅब पडला, अंगणात फरशी बसली आणि पन्हळीचे पाणी गटारात गेले, तर मुरण्याचा भाग शून्य होतो. घर बांधून आपण जमिनीचे जे पाणी अडवले, ते तिला परत करणे एवढाच पुढच्या जोडणीचा अर्थ आहे.

तुमचे छप्पर ५० चौरस मीटरचे असेल तर ५० × २,००० = १,००,००० लिटर. उडालेले, सांडलेले, पहिल्या पावसात सोडून दिलेले असे वीस टक्के वजा करा. तरी ८०,००० लिटर उरतात.

साहित्य : २०० लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप (रसायनाचे नको), १०० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, एक टी व झाकण, मोठे दगड, खडी, जाड रेती, नायलॉनची जाळी.

कृती : (१) पिंपाच्या तळालगत बाहेर जाणारा पाइप बसवा आणि आतल्या तोंडाला जाळी बांधा. (२) तळाला २० सेंटिमीटर मोठे दगड, त्यावर १५ सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर जाड रेती भरा. दोन थरांमध्ये जाळी घाला. वर सुमारे २५ सेंटिमीटर जागा रिकामी ठेवा. दगड, खडी, रेती हे सर्व पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन घ्या. समुद्राची वाळू वापरू नका. (३) रेतीवर एक चपटा दगड ठेवा, म्हणजे पडणाऱ्या धारेने खड्डा पडणार नाही. (४) पन्हळीकडून येणाऱ्या पाइपाला पिंपाआधी टी जोडून तिचे खालचे तोंड झाकणाने बंद करा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस हे झाकण उघडे ठेवून छपराची धूळ, पाने, पक्ष्यांची विष्ठा बाहेर जाऊ द्या. पावसाने आठवडाभर उघडीप दिली की पुन्हा तसेच करा. (५) पिंपाच्या वरच्या कडेखाली एक पाइप काढून जादा पाणी झाडांच्या आळ्यात सोडा. न गाळलेले पाणी विहिरीत जाऊ नये.

चाचणी : पाऊस जोराचा, म्हणजे तासाला ५० मिलिमीटर असेल, तर या छपरावरून तासाला २,५०० लिटर पाणी येईल, दर सेकंदाला सुमारे ०.७ लिटर. तुमचे पिंप एवढे पाणी गाळू शकेल का? रेती भिजवून घ्या, मग पंधरा लिटरची बादली ओता आणि ती पुरी मुरायला किती सेकंद लागतात ते मोजा. सुमारे २१ सेकंद लागले तर उत्तम. जास्त लागले तर पिंप भरून वाहील. मग रेती अधिक जाड घ्या किंवा दुसरे पिंप जोडा. दर पावसाळ्यापूर्वी वरची रेती काढून धुवा.

विहिरीत पाणी सोडण्यातही पदार्थविज्ञान आहे. गोडे पाणी उंचावरून धबधब्यासारखे पडले तर विहिरीतले थर ढवळले जातात आणि तळाचा गाळही उठतो. म्हणून पाइप विहिरीच्या भिंतीलगत खाली न्या आणि शेवटी एल्बो लावून पाणी भिंतीवर अलगद पसरू द्या. बरणीत साधे पाणी चकतीवर सोडले होते, त्यामागचे कारण हेच. पाइप बसवण्याचे काम मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या.

काही पथ्ये : ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे पाणी घेऊ नये. अंगण, गोठा, मोरी यांचे पाणी विहिरीत कधीच जाऊ देऊ नये. रेती कचरा अडवते, रोगजंतू मारीत नाही. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. भर पावसाळ्यात विहीर काठोकाठ आली की पिंपाचे पाणी आळ्यात किंवा तळ्यात वळवावे.

शेजाऱ्याची विहीर आणि बावखल

तुम्ही विचाराल, हे ८०,००० लिटर माझ्याच विहिरीत राहतील का? राहणार नाहीत. विहीर म्हणजे टाकी नव्हे. तिच्यातले पाणी भोवतालच्या वाळूत पसरते. वाळूच्या आकारमानाचा पाचवा भाग पाण्याने भरतो असे धरले, तर एक एकर जागेत या पाण्याने भिजलेल्या वाळूचा फक्त दहा सेंटिमीटर जाडीचा थर तयार होईल. आणि तरंगण्याच्या नियमाप्रमाणे त्याचे एक्केचाळीस भाग केले तर एकच भाग वर दिसेल, बाकीचे चाळीस खारे पाणी खाली रेटण्यात खर्ची पडतील. तेव्हा एका पावसाळ्यात वहीतला आकडा फारसा बदलला नाही म्हणून निराश होऊ नका. तुमच्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला मिळेल, त्याच्या छपराचे तुम्हांला. उलट एकाच वाडीतून बेसुमार उपसा झाला तर त्याचा खारेपणाही सर्वांना वाटून घ्यावा लागेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची जी चळवळ उभी राहिली, तिच्यात हिरव्या वाड्यांबरोबर पाण्याचा प्रश्नही होता, तो याचमुळे.

वसईच्या जुन्या बागायतदारांनी हे कोडे आपल्या रीतीने सोडवले होते. त्यांनी वाडीत बावखले खोदली. बावखल म्हणजे पसरट, उघड्या तळाचे तळे. पावसात ते भरते, पाणी जमिनीत मुरवते, आणि पूर्वी त्यावर रहाट चालवून बागा शिंपल्या जात. पसरट तळ्याचा फायदा आकड्यांत पाहा. दहा फूट व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. तिच्यातून १०,००० लिटर पाणी झटपट काढले, तर झिरपून येणारे पाणी न धरता पातळी सुमारे १.४ मीटर उतरेल. तेवढेच पाणी २० मीटर लांब व २० मीटर रुंद बावखलातून काढले तर पातळी फक्त अडीच सेंटिमीटर उतरेल. पातळी जेवढी कमी उतरेल, तेवढा खालचा उंचवटा लहान. बावखल वरचे गोडे पाणी साय काढावी तसे अलगद देते.

गेल्या काही दशकांत यांतली अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. बुजवलेल्या बावखलावर घर उभे राहते तेव्हा मुरण्याची जागा जाते, आणि उपसण्याची सर्वांत सौम्य जागाही जाते. म्हणून आपल्या पाड्यात एखादे बावखल उरले असेल तर त्याचा गाळ काढणे, त्यात राडारोडा पडू न देणे आणि पिंपाचे जादा पाणी त्याकडे वळवणे हे घरच्या जोडणीइतकेच मोलाचे काम आहे.

शिक्षकांना एक सूचना. वर्गातील दहा विद्यार्थ्यांनी गावाच्या वेगवेगळ्या भागांतील दहा विहिरींच्या वह्या जून ते मे अशा वर्षभर ठेवल्या, तर गावाच्या नकाशावर कोणत्या महिन्यात खारे पाणी कोणत्या दिशेने सरकते ते दाखवता येईल. विज्ञान प्रदर्शनात तो नकाशा तर मांडाच. पण ग्रामसभेत किंवा पाड्याच्या बैठकीतही न्या. कोणते बावखल आधी साफ करायचे आणि कोणत्या विहिरीवरचा पंप थोडा आवरायचा, याचा निर्णय मोठ्या माणसांना त्यावरून घेता येईल. सुरुवात मात्र एका वाटीने आणि एका फितीने होते. ती या आठवड्यात करा.